आजच्या काळातले भविष्यवेत्ते: कुणाचं भाकीत खरोखर खरं ठरलंय का?

सदाफुली
नमस्कार मंडळी. एरवी मी फक्त वाचते. आज धागा काढतेय, कारण प्रश्न घरातला आहे.

माझे धाकटे काका सिंहगड रोडला राहतात. पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेत. काकू गेल्यापासून एकटेच असतात, मुलगा परदेशात. हल्ली ते यूट्यूबवरच्या एका भविष्यवेत्त्याचं सगळं ऐकतात. 'कोरोना मी आधीच सांगितला होता' असा त्या गृहस्थांचा दावा आहे. आता त्यांनी जाहीर केलंय की पुण्यात मोठा भूकंप होणार, नदीकाठ उरणार नाही. काकांनी फ्लॅट विकायला काढलाय आणि एका गिऱ्हाइकाकडून इसार घ्यायच्या बेतात आहेत. पाटण तालुक्यात गावचं घर आहे, तिकडे जाऊन राहायचं म्हणतात.

'अंधश्रद्धा' म्हणून मला त्यांना गप्प बसवायचं नाही. या माणसाने आयुष्यभर क्वालिटी कंट्रोलमध्ये मायक्रोमीटर हाताळलाय, त्यांना मूर्ख समजलेलं मला चालणार नाही. ते मला विचारतात, "बाहेर इतक्या लोकांचं खरं ठरतं, ते सगळे खोटे का?" याचं उत्तर माझ्याकडे नाही. म्हणून सरळ विचारते: भाकीत आधी जाहीर झालं, त्यात ठिकाण आणि तारीख होती आणि पुढे तसंच घडलं, असं आजच्या काळातलं एक तरी उदाहरण आहे का?

संख्याशंकर
याची पद्धतशीर परीक्षा आपल्या पुण्यातच झालेली आहे. २००८ साली डॉ. जयंत नारळीकर, विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाचे सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी मिळून ती घेतली. घाटपांडे स्वतः आधी ज्योतिषी होते, नंतर या शास्त्राचे चिकित्सक झाले.

२०० मुलांच्या पत्रिका घेतल्या. त्यातली १०० मुलं शाळेत हुशार म्हणून नावाजलेली, १०० मतिमंद. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या कुठल्याही ४० पत्रिका द्यायच्या आणि मूल कुठल्या गटातलं एवढंच विचारायचं. नुसतं छापा-काटा करून उत्तरं लिहिली तरी २० च्या आसपास बरोबर येणार, म्हणून यशाची रेघ २८ वर आखली होती. ५१ जणांनी नावं दिली, २७ जणांनी उत्तरं पाठवली. सर्वात जास्त गुण २४. सरासरी ४६ टक्के. एका संस्थेने तर सगळ्याच्या सगळ्या २०० पत्रिका तपासल्या आणि १०२ बरोबर सांगितल्या.

काका क्वालिटीतले आहेत ना? मग त्यांना त्यांच्याच भाषेत विचार. या भविष्यवेत्त्याचे पास झालेले नग दिसतात, रिजेक्शनचं रजिस्टर कुठे आहे?

बिनधास्त_बंड्या
२०१० च्या वर्ल्डकपमध्ये पॉल नावाच्या ऑक्टोपसने आठपैकी आठ सामने बरोबर सांगितले होते. तेही मानधन न घेता, दोन शिंपल्यांवर.

ग्रहमान
मी हौस म्हणून बरीच वर्षं पत्रिका बघतो, पैसे घेत नाही. संख्याशंकर, ती चाचणी मला माहीत आहे आणि तेव्हाही माझा आक्षेप होता. बुद्धिमत्ता हा एकच प्रश्न, तोही हो-नाही पद्धतीचा. जन्मवेळ पालकांनी सांगितलेली; दवाखान्यातली वेळ आणि घरच्यांची वेळ यात पंधरा-वीस मिनिटं सहज इकडेतिकडे होतात. पत्रिका बघताना समोर माणूस असावा लागतो, त्याची परिस्थिती समजून घ्यावी लागते. ज्योतिष दिशा दाखवतं, ती आगगाडीच्या वेळापत्रकासारखी वापरायची गोष्ट नव्हे.

पण सदाफुली, एक सांगतो. ज्याला या विद्येबद्दल आदर आहे तो कुणालाही 'घर विक' म्हणणार नाही. शहरावर अमुक संकट येणार असं ओरडून सांगणारा माझ्या लेखी ज्योतिषीच नाही. मृत्यू आणि महासंकट यावर बोलायचं नाही, असं माझ्या गुरुजींनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

संख्याशंकर
@ग्रहमान, तुमच्या शेवटच्या परिच्छेदाला शंभर टक्के सहमत. पहिल्याला नाही. काय विचारणार आहेत हे भाग घेणाऱ्यांना माहीत होतं. ज्यांना पटलं नाही त्यांनी भाग घेतला नाही. ज्यांना जमेल असं वाटलं त्यांनीच उत्तरं पाठवली. हुशार आणि मतिमंद हा आयुष्यातला केवढा मोठा फरक आहे! तो पत्रिकेत दिसत नसेल, तर 'नोव्हेंबरनंतर नोकरीत बदल' कसा दिसेल? आणि समोर माणूस बसलेला असेल, तर उत्तर पत्रिकेतून येतंय की माणसाच्या चेहऱ्यावरून, हे कसं ओळखायचं?

ग्रहमान
चेहऱ्यावरूनही येतं, नाही कशाला म्हणू. माणूस वाचता येणं हा या कामाचा भागच आहे.

मृण्मयी_ब
चेहऱ्यावरून आठवलं. बहिणीच्या लग्नाचं जुळत नव्हतं म्हणून आम्ही एका नाडीपट्टीवाल्याकडे गेलो होतो. बायकांच्या डाव्या अंगठ्याचा ठसा घेतात. मग आतून ताडपत्रांची जुडी आणतात, वर-खाली लाकडाच्या पट्ट्या आणि मधून दोरी ओवलेली. वाचणारे गृहस्थ एकेक पान उलटत तमिळमध्ये पुटपुटायचे आणि सोबतचा मुलगा हिंदीत विचारायचा, "पिताजी का नाम र या म से शुरू?" नाही म्हटलं की पान बाजूला. "माता जीवित हैं?" हो. "दो बहनें?" हो. असं बराच वेळ चाललं. मग एक पान निघालं आणि त्यात वडिलांचं नाव, आईचं नाव, भावंडं, सगळं बरोबर! बहीण रडायलाच लागली.

माझा नवरा कोपऱ्यात बसून प्रत्येक प्रश्न आणि आमचं उत्तर वहीत टिपत होता. घरी येऊन ताडून पाहिलं. 'पानात' जे जे निघालं ते सगळं आमच्याच तोंडून आधी गेलं होतं. वडिलांचं नावसुद्धा आम्ही दोन टप्प्यांत सांगून बसलो होतो, बहिणीला ते आठवतही नव्हतं. पुढचं म्हणून जे सांगितलं, 'उत्तर दिशेचं स्थळ, दीड वर्षात', त्यातलं काही झालं नाही. लग्न बऱ्याच उशिरा झालं, सांगलीच्या मुलाशी.

राग येतो तो याचा, की ती तेव्हा खचलेली होती आणि त्या खचलेपणाचे पैसे घेतले गेले.

नलूआजी
सदाफुली बाळा, माझं वय पंचाहत्तरीच्या पुढे आहे, म्हणून जुनं सांगते.

१२ जुलै १९६१. आम्ही नारायण पेठेत वाड्यात राहायचो, मी हुजूरपागेत शिकत होते. सकाळी पानशेत फुटलं आणि दुपारी खडकवासला. पाणी आधी गटारातून वर आलं. मग चौकात, मग जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर. आईने देव आणि तांदळाचा डबा उचलला आणि आम्ही पर्वतीच्या बाजूला निघालो. परत आलो तेव्हा भिंतीची माती गळून नुसते वासे उभे होते आणि माझी पुस्तकं चिखलात चिकटून एकच वीट झाली होती. पुण्यात तेव्हा घरोघरी पंचांग, गल्लोगल्ली ज्योतिषी. त्यातल्या कुणी आदल्या दिवशीसुद्धा 'नदीकाठ सोडा' म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आणि मग पुढच्याच फेब्रुवारीत अष्टग्रही आली! ३ ते ५ फेब्रुवारी १९६२, आठ ग्रह मकर राशीत. देशभर हाकाटी झाली की प्रलय होणार. यज्ञ झाले, जपजाप्य झालं. आमच्या शेजारच्यांनी तर पुरातून वाचलेली भांडी मोडीत काढली, 'आता ठेवून काय करायचं' म्हणून. आधीच पुराने धास्तावलेली माणसं ती. त्या तीन दिवसांत आम्ही सगळी मुलं एका खोलीत झोपायचो. चौथ्या दिवशी दूधवाला नेहमीसारखा आला. शेजारच्या काकू नंतर कितीतरी दिवस उसन्या पातेल्यात वरण करत होत्या.

पानशेतला काही तरी होणार हे आधी कळलं होतं ते धरणावरच्या माणसांना. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, म्हणून धरण रात्री न फुटता उजेडात फुटलं आणि आम्ही जिवंत राहिलो. मी भविष्य मानते ते त्या पोत्यांइतकंच.

बिनधास्त_बंड्या
आजी, नमस्कार घ्या. ही शेवटची ओळ मी आईला वाचून दाखवली.

पुरंदरचा_गडी
नलूआजींचा प्रतिसाद लय भारी. पण सगळ्या भाकितांना एका दावणीला बांधू नका.

आमच्याकडे वीरला म्हस्कोबाची माघातली यात्रा असते, त्यात भाकणूक होते. पाऊस कुठल्या नक्षत्राला, ज्वारी कशी, कुठल्या दिशेला रोगराई. पट्टणकोडोलीला फरांडेबाबांची भाकणूक ऐकायला तर कर्नाटकातनं माणसं येतात. तिकडं बुलढाण्यात भेंडवळची घटमांडणी. अक्षय्य तृतीयेला शेतात घट मांडायचा, मधे मातीची चार ढेकळं म्हणजे पावसाचे चार महिने, त्यावर घागर, भोवती धान्यं. दुसऱ्या दिवशी पहाटे काय हललं, काय भिजलं ते बघून वर्षाचं सांगायचं.

आता खरं सांगतो, आमच्या गावात भाकणूक ऐकून कुणी पेरणी करत नाही. पेरणी वापसा, म्हणजे रानात पेरण्याजोगी ओल बघूनच होते. माझा आजा गुलाल अंगावर घेऊन भाकणूक ऐकायचा, हात जोडायचा आणि घरी येऊन बियाणं दोन जातींचं घ्यायचा. भाकणूक ही गावाची गोष्ट आहे. गाव एकत्र बसून येणाऱ्या वर्षाबद्दल बोलतं, भीती वाटून घेतं. त्यात कुणी कुणाला लुटत नाही आणि घर विकायला तर अजिबात सांगत नाही. यूट्यूबवाल्याशी तिची तुलना केली की मला वाईट वाटतं.

सिमला_ऑफिस
पुरंदरचा_गडी, दोन जातींचं बियाणं घेणारा तुमचा आजा हाच खरा हवामानतज्ज्ञ. (नावावरून ओळखलं असेलच, घरातले एक जण हवामान खात्यात होते. मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून शिवाजीनगरच्या चौकाला अजून सगळे सिमला ऑफिसच म्हणतात.)

मॉन्सूनचा दीर्घकालीन अंदाज आपल्याकडे १८८६ पासून दिला जातो. १९८८ पासून १६ घटकांचं एक मॉडेल वापरात होतं आणि ते बरीच वर्षं ठीक चाललं. २००२ साली अंदाज होता सरासरीच्या १०१ टक्के. पडला ८१ टक्के. जुलै जवळजवळ कोरडा गेला, देशभर दुष्काळ. खात्याला जोडे बसले आणि बसायलाच हवे होते. पण पुढे काय झालं ते बघा. ते आकडे लपवले नाहीत, आजही कुणालाही मिळतात. २००३ मध्ये मॉडेल बदललं. आता अंदाज देतानाच किती टक्के चूक संभवते आणि कुठल्या शक्यतेचं किती वजन, हे लिहिलेलं असतं. एप्रिलमध्ये एकदा सांगतात, मेअखेरीस सुधारून पुन्हा सांगतात.

चुकलेला आकडा लोकांसमोर ठेवून पुढच्या वर्षी पुन्हा उभं राहणं, हे एका तरी भविष्यवेत्त्याने केलेलं दाखवा.

रूथ_कॅम्प
सिमला_ऑफिस, अपवाद म्हणून एकाचं नाव सांगते. मी मराठी ख्रिस्ती आहे, त्यामुळे हा विषय आमच्या घरात वेगळ्या बाजूने येतो. संदेष्टे आमच्या श्रद्धेतच आहेत आणि आजच्या काळातही स्वतःला संदेष्टे म्हणवणारे आहेत, विशेषतः अमेरिकेत.

२०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी देवाच्या नावाने सांगितलं की ट्रम्प लगेच दुसऱ्यांदा निवडून येणार. तसं झालं नाही. जेरेमाया जॉन्सन नावाच्या एकाने जानेवारी २०२१ मध्ये जाहीर माफी मागितली, आणि त्याला शिव्या आणि धमक्या आल्या त्या त्याच्या पाठीराख्यांकडून! चुकलं हे मान्य केलेलं त्यांना सहन झालं नाही.

त्याआधी २०११ मध्ये हॅरॉल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे ही न्यायाच्या दिवसाची तारीख दिली, मग २१ ऑक्टोबर. पुढच्या वर्षी त्यांनी चूक कबूल केली. पण न्यूयॉर्कमधल्या एका निवृत्त कर्मचाऱ्याने तोवर आयुष्यभराची पुंजी त्या तारखेच्या जाहिरातींवर घालवली होती. सदाफुली, तुझे काका वाचून मला तोच माणूस आठवला.

शास्त्रात याची कसोटी सरळ दिलेली आहे. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायात म्हटलंय की संदेष्ट्याने परमेश्वराच्या नावाने सांगितलेलं घडलं नाही, तर ते परमेश्वराचं वचन नव्हे, त्याला भिऊ नका. पौल थेस्सलनीकाकरांना लिहितो की संदेश तुच्छ मानू नका, पण सगळ्याची पारख करा. माझ्यासाठी योनाची गोष्ट सर्वात महत्त्वाची. त्याने निनवेत जाऊन सांगितलं की चाळीस दिवसांत नगर उलथून पडेल. लोक बदलले आणि नगर वाचलं. संदेश माणसं वाचावीत म्हणून होता. ऐकणाऱ्याला भेदरवून त्याचं घर काढून घेणारा संदेश मी देवाचा मानू शकत नाही.

अपर्णा_सदाशिव
सगळं वाचतेय. एक वेगळी बाजू मांडते, रागावू नका. बाबांच्या अपघाताच्या आदल्या रात्री आईने स्वप्नात त्यांची चप्पल रस्त्यात पडलेली बघितली होती. सकाळी तिने त्यांना थांबवलंही होतं. हे मी स्वतः ऐकलंय, नंतर जोडलेलं नाही. तुमच्या २८ आणि ४० मध्ये हे कुठे बसतं?

संख्याशंकर
अपर्णाताई, तुमच्या आईंना स्वप्न पडलं यावर माझा पूर्ण विश्वास आहे. ज्यांचं माणूस रोज गाडीवर बाहेर पडतं त्यांना अशी स्वप्नं पडतात, आणि ते संध्याकाळी सुखरूप परत आलं की स्वप्न विसरलं जातं. न विसरलेलं एकच उरतं. मला हिशेब असा दिसतो. पण या जागी हिशेब मांडत बसायची माझी इच्छा नाही.

अपर्णा_सदाशिव
समजलं. माझं समाधान यानं होत नाही, पण तुम्ही नीट बोललात. आणि हेही मान्य, की त्या स्वप्नावर आईने कधी कुणाला सल्ला दिला नाही.

शशांक_द
रजिस्टरचा मुद्दा पुढे नेतो. जीन डिक्सन या अमेरिकन बाईंचं नाव 'केनेडींची हत्या आधी सांगणारी' म्हणून आजही घेतलं जातं. १९५६ मध्ये एका मासिकात त्यांचं भाकीत आलं होतं की १९६० ची निवडणूक डेमोक्रॅटिक पक्षाचा माणूस जिंकेल आणि तो पदावर असताना मारला जाईल किंवा मरेल, मात्र ते पहिल्याच कारकिर्दीत होईल असं नाही. ऐकायला जबरदस्त. पण १९६० मध्ये त्याच बाईंनी निक्सन जिंकणार असं सांगितलं होतं! ते कुणाला आठवत नाही. लागलेलं मिरवायचं, हुकलेलं विसरायचं, या सवयीला गणितज्ञ जॉन ॲलन पॉलोस यांनी बाईंचंच नाव दिलंय.

नॉस्ट्राडेमसचं तर विचारूच नका. ११ सप्टेंबरनंतर त्याच्या नावाने जो श्लोक जगभर फिरला, त्याचा बराचसा भाग १९९७ च्या सुमारास कॅनडातल्या एका विद्यार्थ्याने रचला होता, संदिग्ध ओळी कशालाही कशा लागू पडतात हे दाखवायला.

कौमुदी
दाभोलकरांचं नाव वर आलंय म्हणून लिहिते. २० ऑगस्ट २०१३ ला ओंकारेश्वराच्या पुलावर त्यांचा खून झाला. मी त्या पुलावरून कॉलेजला जायचे. त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं (अंनिस) २१ लाखांचं आव्हान कितीतरी वर्षं उघडं होतं. जाहीर परीक्षेत उतरा, सिद्ध करा आणि घेऊन जा. कुणी नेलं नाही. प्रश्न विचारणाऱ्याला मात्र गोळ्या घातल्या.

खडकमाळ
मूळ प्रश्नाकडे येतो, कारण तिकडे इसार घ्यायची घाई आहे.

भूकंपाचा दिवस आज जगात कुणीच सांगू शकत नाही. कोयनेच्या परिसरात शास्त्रज्ञांनी अभ्यासासाठी ३ किलोमीटर खोल विवर पाडलंय आणि त्यासाठी कराडला स्वतंत्र प्रयोगशाळा आहे. तेही तारीख देत नाहीत. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, लोक विसर्जन करून झोपले होते. जवळपास दहा हजार माणसं गेली. तो भाग तेव्हाच्या नकाशात सर्वात कमी धोक्याचा होता. ज्योतिषांना कळलं नाही, शास्त्रज्ञांनाही नाही. फरक एवढाच, की शास्त्रज्ञांनी नकाशा बदलला.

आणि आता नीट वाच, सदाफुली. २००२ च्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात पुणे तिसऱ्या झोनमध्ये आहे. कोयनेचा परिसर चौथ्या, म्हणजे जास्त धोक्याच्या. कोयना धरण पाटण तालुक्यातच आहे. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप तिथलाच, सहा रिश्टरच्या वरचा. काका भूकंपाला भिऊन भूकंपाच्या दारात राहायला निघालेत! गावचं घर दगडमातीचं असेल तर आणखीच वाईट.

पुरंदरचा_गडी
अरे देवा. हे आधी सांगा काकांना, बाकी सगळं नंतर.

सदाफुली
सगळ्यांचे मनापासून आभार. काल काकांकडे जाऊन आले.

आधी संख्याशंकर यांचं रजिस्टर केलं. दोघांनी मिळून त्या चॅनेलचे जुने व्हिडिओ काढले आणि काकांनी स्वतः वहीत रकाने आखले: भाकीत, तारीख, ठिकाण, काय झालं. 'कोरोना सांगितला' तो व्हिडिओ निघाला. त्यात एवढंच आहे की 'येत्या काळात जगावर मोठं संकट, पूर्वेकडून'. तारीख नाही, आजाराचं नाव नाही. नेमकी तारीख असलेली दोन भाकितं आधी होती असं काकांना पक्कं आठवत होतं. ते व्हिडिओ आता तिथे नाहीत. काका बराच वेळ फोनवर शोधत होते. मग म्हणाले, "इन्स्पेक्शन रिपोर्ट फाडला की लॉट आपोआप रिजेक्ट."

मग खडकमाळ यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. १९६७ ला काका लहान होते, गावच्या घराची पडवी पडलेली त्यांनी बघितलीय. हे त्यांनी मला आजवर कधी सांगितलंच नव्हतं. इसार घ्यायचं थांबवलंय. विकायचंच नाही असं अजून म्हणत नाहीत.

निघताना म्हणाले, "तो माणूस रोज रात्री नऊला बोलतो. तेवढा वेळ घरात कुणीतरी बोलत असतं."

ग्रहमान
हे वाचून वाईट वाटलं. पत्रिका घेऊन येणाऱ्यांपैकी निम्मी माणसं याच कारणासाठी येतात, हे मी इतक्या वर्षांत बघितलंय.

नलूआजी
सदाफुली, त्यांना रात्री नऊला फोन करत जा. रोज जमलं नाही तरी वार ठरव आणि तो चुकवू नको. परदेशातल्या मुलालाही सांग.

शशांक_द
काका सिंहगड रोडला म्हणजे तळजाई जवळच. आमचा सकाळचा ग्रुप साडेसहाला वर जातो, त्यात निवृत्त इंजिनियर भरपूर, एक जण तर पिंपरीत क्वालिटीतच होते. नंतर चहा आणि वाद असतोच. काकांची हरकत नसेल तर त्यांचा नंबर व्यक्तिगत निरोपातून पाठव, रविवारी मी स्वतः त्यांना घरून घेऊन जातो.